आपला पत्ता काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षाची सुरुवात २६ जानेवारीला झेंडावंदनाने झाली. त्या दिवशी सोसायटीच्या आवारात केलेलं हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवून लिहून काढलं आहे.)



सचिवांनी मला काल रात्री फोन केला. म्हणाले, "काका, उद्या दहा मिनिटं बोला. जुन्या आठवणी सांगा. आणि संक्रांत नुकतीच झाली आहे, तेव्हा गोड बोला." आता बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दहा मिनिटांत बोलता येत नाही आणि फार गोडही बोलता येत नाही. तरी प्रयत्न करतो. समोसे गार होणार नाहीत एवढी हमी देतो.

आपल्या सोसायटीची नोंदणी १९९९ची. त्याच वर्षी आपल्या डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पुढे ती गावोगावी पोचली. म्हणजे आपण आणि स्वागतयात्रा एका वयाचे. टँकरचं पाणी, गळकी गच्ची, लिफ्ट बंद पडल्यावर सहाव्या मजल्यापर्यंत चढवलेलं फ्रिज, या आठवणी बाकीचे वक्ते सांगतीलच. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आपल्या पत्त्याबद्दल.

पंचवीस वर्षं आपण रिक्षावाल्याला काय सांगत आलो? सोसायटीचं नाव कुणी सांगत नव्हतं. "शेठच्या दुकानासमोर सोड." माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर पूर्ण पत्ता छापला होता, पिनकोडसकट. तरी फोनवर सगळ्या नातेवाइकांना मी तेच सांगितलं, स्टेशनवरून रिक्षा करा आणि शेठच्या दुकानासमोर उतरा. आता माझा नातू म्हणतो, "आजोबा, सांगायचं कशाला? लोकेशन पाठवा." पाठवतो. निळा ठिपका बरोबर फाटकापर्यंत येतो. पण फाटकापाशी आलेल्या माणसाला कोणत्या जिन्याने जायचं, हे त्या ठिपक्याला कळत नाही. ते शेठना कळतं.

तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे की शेठ येत्या पाडव्याला दुकान बंद करताहेत. सत्तरी उलटली, गुडघे दुखतात, मुलगा परदेशात कॉम्प्युटरच्या कामात आहे. सोळाव्या वर्षी कच्छमधून मामाच्या दुकानात पुड्या बांधायला आलेला हा माणूस आपल्या सोसायटीच्या मालकीच्या गाळ्यात पहिल्या दिवसापासून बसला आहे. गाळा रिकामा होणार म्हटल्यावर दोन अर्ज आले आहेत. एक अर्ज दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपनीचा. त्यांना दुकान नको, साठवणीची जागा हवी आहे. शटर अर्धं खाली, आत रॅक, बाहेर दुचाक्या. भाडं सध्याच्या तिप्पट. दुसरा अर्ज मागच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यांच्या सूनबाईंचा. किराणा, घरगुती पिठं आणि पोळीभाजी. त्यांनी भाडं थोडंसंच वाढवून देऊ केलं आहे. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. निर्णय सभेचा. मी इथे प्रचार करायला उभा नाही, असं म्हणणार होतो. पण खोटं कशाला बोलू? थोडा आहेच.

पण आधी दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा जुनं ते सोनं म्हणतोय.

शेठचं दुकान म्हणजे काही स्वर्ग नव्हता. सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या त्यांनी आयुष्यभर दिल्या. माझ्या घरात त्या गोळ्यांची बरणी होती. पावसाळ्यात रव्यात कधी अळी निघायची, आणि परत न्यावं तर "साहेब, हवाच तशी आहे" हे उत्तर. भाव पाटीवर नसायचा, तोंडात असायचा. हा अनुभव आपला एकट्याचा नाही. व्यापाऱ्यांच्या असल्याच वागण्याला कंटाळून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल घाऊक भावात एका जागी येणार आणि तो संघाने आपापसांत वाटून घ्यायचा. आपल्याकडेही पहिली आठ-दहा वर्षं असा संघ होता. वाटपाच्या दिवशी पार्किंगमध्ये सतरंज्या, गोण्या, साबणाचे खोके, आणि प्रत्येक घराच्या नावाची पिशवी. तूरडाळ कुणाला पाच किलो, कुणाला दोन, याचा हिशेब आपल्या भगिनींनी जितका चोख ठेवला तितका माझ्या बँकेच्या शाखेत मी पाहिलेला नाही. आणि त्या काळात शेठच्या तूरडाळीचा भावही आपोआप खाली आला होता!

मग मोठी साखळी दुकानं आली. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईला २००२ साली उघडलं, बिग बझार त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं. बघता बघता ती आपल्या गावापर्यंत पोचली. शनिवारी संध्याकाळी आपण सहकुटुंब जायला लागलो. आमच्या हिला पहिल्यांदा तिथे गेल्यावर काय आवडलं असेल? स्वस्ताई नव्हे. ती म्हणाली, "डाळ हातात घेऊन बघता आली. 'काय पाहिजे' म्हणून कुणी घाई केली नाही." कोण कुठला, आडनाव काय, मागची बाकी आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. ज्यांना असल्या प्रश्नांचा आयुष्यभर जाच झाला, त्यांच्यासाठी हे फार मोठं सुख आहे. हे विसरून आपण साखळी दुकानांना नुसत्या शिव्या देऊ लागलो, तर ते खोटेपणाचं होईल.

आणि त्यांची स्वस्ताई म्हणजे काही जादू नाही. कर्ज खात्यात मी किराणा दुकानदारांचे ताळेबंद वर्षानुवर्षं तपासले. मोठं दुकान कंपनीकडून थेट माल उचलतं, एकदम गाडी भरून. शेठपर्यंत तोच माल वितरकाच्या हातून येतो, दोन-दोन खोके. मोठं दुकान पुरवठादाराचे पैसे लवकर देऊन सवलत मागू शकतं. शेठचे पैसे आपल्या उधारीच्या वहीत अडकलेले. तुम्ही महिनाअखेर पैसे दिलेत, तेव्हा तो महिनाभर त्यांनी तुम्हाला बिनव्याजी कर्ज दिलं होतं. बँकेत त्यासाठी तीन कागद आणि एक जामीनदार लागतो.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते प्रश्न दुकानाच्या आकाराचा नाही. साखळी असण्याचाही नाही. अपना बाजार हीसुद्धा साखळीच होती की! १९४८ साली नायगावला गिरणी कामगारांनी सुरू केलेली, सहकारी तत्त्वावरची. प्रश्न असा आहे, की त्या दुकानाचा निर्णय कुठे होतो? निर्णय घेणारा माणूस मला भेटू शकतो का? मी त्याला जाब विचारू शकतो का? आणि तो मला विचारू शकतो का?

२००९ साली सुभिक्षा नावाची साखळी बंद पडली. देशभर दीड हजारांहून अधिक दुकानं होती. २०२२ साली बिग बझारच्या पाट्या उतरल्या. कर्ज फुगलं होतं, वर करोना, आणि सगळा डोलारा कोसळला. ज्या गावांत ती दुकानं चांगली चालत होती, तिथलीही गेली. कारण हिशेब गावचा नव्हताच, तो सगळ्या साखळीचा मिळून होता. शेठ दुकान बंद करताहेत ते मात्र सहा महिने आधी घरोघरी सांगून. "बहेनजी, तुमचं लोणच्याचं तेल यंदा दुसरीकडे सांगून ठेवा," असं.

आता तीन तारखा सांगतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल ठप्प झाल्या, आणि इकडे कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात उल्हास नदीने थैमान घातलं. आपल्याकडे वीज नाही, एटीएम बंद, निम्मे पुरुष मुंबईत अडकलेले. शेठनी मेणबत्ती लावून दुकान उघडलं. दुधाची पावडर घरामागे एक पाकीट, लहान मूल असेल तर दोन. कोणत्या घरात लहान मूल आहे, हे विचारावं लागलं नाही. ८ नोव्हेंबर २०१६. नोटा बंद झाल्या. आपण रांगेत, आणि माझ्यासारखे बँकवाले काउंटरच्या आत रात्री दहापर्यंत. शेठ म्हणाले, "लिहून ठेवतो, घाई नाही." मार्च २०२०. त्या वेळी घरपोच सेवावाल्यांच्या फोनवर 'सध्या जागा उपलब्ध नाही' एवढंच दिसत होतं. शेठ आणि त्यांचा एक पोरगा दोरीला पिशव्या बांधत होते, आणि आपण गॅलरीतून ओढून घेत होतो.

हे सगळं कुठल्याच बिलात दिसत नाही. म्हणून स्वस्त-महाग ठरवताना ते आपण धरत नाही.

तीच गोष्ट गिरणीची. चकलीची भाजणी दळायला नेली, की गिरणीवाले विचारतात, "कशावर दळू?" गव्हावर दळली की बिघडली. मग ते तांदळाचं दळण होईपर्यंत डबा बाजूला ठेवतात. उपासाचं पीठ सकाळी पहिलं, जातं झाडून. ही माहिती पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापून येत नाही. आणि पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडून ज्या मावश्या रानभाज्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात, त्या शेवळं घेताना काकडं हातात कोंबतातच. का? नाहीतर घशाला खाज सुटेल. नव्या सुनेला शेवळं करायची कशी, हे तिथे उभ्या उभ्या शिकता येतं. टाकळा, कुरडू, फोडशी, करटोली अशा क्रमाने आपल्याला पावसाळा कळतो. सगळ्या देशात एकच माल ठेवणाऱ्या दुकानात बारा महिने एकच ऋतू असतो. एसीचा.

मध्यंतरी दुकानांच्या पाट्या मराठीत करण्याचा विषय गाजला. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. चांगलं झालं. मराठी पाटी हवीच. पण पाटी मराठी झाली म्हणून दुकान इथलं झालं, असं नाही. आमचे शेठ घरात कच्छी बोलतात, त्यांची वही गुजरातीत. पण गणपतीच्या आधी आंबेमोहराची पिठी कुणाकडे किती लागेल, हे त्यांना तोंडपाठ. इथलं कोण, हे मी त्यावरून ठरवतो.

आता कबुलीजबाब. इथे बसलेल्या कुणाकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही, कारण गेली दोन वर्षं मीही फोनवरूनच सामान मागवतो. गुडघे माझेही दुखतात. शिवाय दहा मिनिटांत येतं. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चहापत्ती, साखर आणि बिस्किटं मागवली. दहाची वीस मिनिटं झाली, माणूस नाही. गॅलरीतून पाहिलं तर तो पोरगा भिजलेल्या अंगाने शेठच्या दुकानासमोर उभा. फोन दाखवून त्यांना विचारत होता, "ये अंकल किधर रहते हैं?" त्याच्या हातात माझी पिशवी. पिशवीत चहापत्ती, साखर, बिस्किटं. शेठच्या पाठीमागच्या फळीवर तीच चहापत्ती, तीच साखर, तीच बिस्किटं.

शेठनी काय केलं? पिशवीकडे पाहिलं. मग वर माझ्या गॅलरीकडे पाहिलं. मी मागे सरकलो. त्यांनी त्या पोराला अंग पुसायला फडकं दिलं आणि जिन्याकडे हात केला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, पोरगा पहिल्या मजल्यावर चालला होता. मी तिसऱ्यावर पाठवला." बस्, एवढंच. टोमणा नाही, काही नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या माणसाकडून मी सामान घेणं सोडलं, त्याच्याचकडून माझा पत्ता मात्र फुकट वापरत होतो. शेठ पाडव्याला गेले, की पुढच्या वेळी तो पोरगा माझं घर कुणाला विचारणार? आणि त्याहून महत्त्वाचं, माझा फोन दोन दिवस लागला नाही, तर वर येऊन बघणार कोण? गेल्या वर्षी आपल्याच एका आजींनी सकाळचं दूध नेलं नाही, हे सर्वांत आधी कुणाच्या लक्षात आलं, हे मी सांगायला नको. त्या आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यात त्या दुधाच्या पिशवीचाही वाटा आहे.

मग करायचं काय? बहिष्कार वगैरे मी सांगणार नाही. तो टिकत नाही आणि तो आपल्या पोरांवरच उलटतो. सामान आणणारी ती मुलं कुठल्या परग्रहावरची नाहीत. आपल्याच आसपासच्या चाळींतली आहेत. उन्हातून आलेल्याला पाणी विचारा, ही माझी पहिली विनंती. नाव विचारा, ही दुसरी. तो आपला झाला, तर कंपनी कुठलीही असो.

तिसरी विनंती, महिन्याच्या खर्चातला काही भाग ओळखीच्या माणसाकडे ठेवा. सगळा नको. डाळ-तांदूळ मोठ्या दुकानातून आणा, ते खरंच स्वस्त पडतात. पण दळण, भाजी, फुलं, दूध, शिंप्याचं काम, सायकलचं पंक्चर, हे चालत जाऊन. खालची माणसं आपल्याला ओळखतात ती रोजच्या चार रुपयांच्या व्यवहारामुळे. नुसत्या नमस्कारावर ती टिकत नाहीत. त्यांचंही भाडं आहे, त्यांच्याही मुलांची फी आहे.

आणि चौथी विनंती गाळ्याबद्दल. मी बँकवाला आहे, भावनेवर सही करत नाही. तिप्पट भाड्याचा हिशेब मी मांडला. दोन्ही अर्जांतला फरक अठ्ठेचाळीस घरांत वाटला, तर दर घरामागे महिन्याला एका पिझ्झाइतकीही रक्कम येत नाही. तरीही ती रक्कम फुकटची नाही. रंगकाम व्हायचं आहे, लिफ्ट जुनी झाली आहे, आणि पेन्शनवर जगणाऱ्या घरांना देखभाल खर्चातले शंभर रुपयेही जाणवतात. भाड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना पैशाचे लोभी म्हणू नका. त्यांचा मुद्दा खरा आहे. फक्त समोरच्या पारड्यात काय आहे, हेही त्याच कागदावर लिहा. रात्री बारापर्यंत फाटकात उभ्या दुचाक्या. अर्धं बंद शटर. आणि खाली विचारायला कुणी नाही.

आपण सहकारी संस्था आहोत, हे आपल्याला देखभालीचं बिल आल्यावरच आठवतं. पण या शब्दाचा अर्थ साधा आहे. एक सभासद, एक मत. गाळा कुणाला द्यायचा हे दूरच्या शहरातलं कुठलं कार्यालय ठरवणार नाही, आपण ठरवणार आहोत. आजूबाजूचं किती तरी आपल्या हातातून गेलं आहे. हा दहा बाय पंधराचा तुकडा अजून आपल्या हातात आहे.

दिवाळीच्या पहाटे आपली मुलं नटूनथटून फडके रोडला जातात. तिथे काय विकत मिळतं? काही नाही. तरी सगळं गाव तिथे लोटतं, परगावी गेलेली मुलं मुद्दाम त्या पहाटेसाठी येतात. ओळखीची माणसं भेटतात म्हणून. रस्ता तसा अरुंदच, पण आपला आहे. तेवढंच आपलेपण आपल्या फाटकाशी राहावं, एवढीच इच्छा.

शेठ मागे उभे आहेत. मी त्यांना न विचारता एवढं बोललो. शेठ, पुढे या. आणि त्या दिवशी मी गॅलरीतून मागे सरकलो होतो, हे तुम्ही पाहिलं होतं, मला माहीत आहे. आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

 

(छापायला देताना: विशेष सर्वसाधारण सभा फेब्रुवारीत झाली. चर्चा अडीच तास चालली आणि चांगली कडाक्याची झाली. थोड्या मतांच्या फरकाने गाळा गिरणीवाल्यांच्या सूनबाईंना अकरा महिन्यांच्या करारावर द्यायचं ठरलं. मुदतीनंतर भाड्याचा पुन्हा विचार होईल. दुकान सुरू आहे. पण ते चालेल की नाही, हे त्या सभेत ठरलेलं नाही. ते आपण रोज संध्याकाळी जिना उतरून जातो की फोन उचलतो, यावर ठरेल. रिक्षावाले अजूनही "शेठचं दुकान" असंच म्हणतात.)